नव्या नाटकाचे पहिले वाचन

गेल्या सत्रात आमच्या मराठी मंडळाने एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या नव्या एकांकिकेचे वाचन ठरविले. निमंत्रणाच्या चिठ्ठ्या घरोघर गेल्या, तेव्हा मार्केट यार्डात ज्यांचा गाळा आहे अशा एका पालकांनी आम्हांस रस्त्यात थांबवून विचारले, "सर, मुलांचे नाटक पाठ झाले नाही, म्हणून वाचून दाखविणार की काय?" प्रश्न विनोदाने केलेला होता, परंतु त्यातील शंका खरी होती, आणि पुष्कळांच्या मनात ती असावी असे आम्हांस वाटते. रस्त्यात उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने आमचेच समाधान झाले नाही. म्हणून हा लेख.

नुकतेच लिहून झालेले, अद्याप रंगभूमीवर न आलेले नाटक, वेषभूषा, पडदे व देखावे यांवाचून, हातांत संहिता घेऊन, निरनिराळ्या वाचकांनी श्रोत्यांसमोर मोठ्याने वाचावयाचे. नाटककाराने श्रोत्यांतच बसून ते ऐकावयाचे. आणि वाचन संपल्यावर श्रोत्यांचे म्हणणेही त्याने ऐकून घ्यावयाचे, यास नव्या नाटकाचे वाचन म्हणतात. आपल्याकडे 'अभिवाचन' हा शब्दही रूढ आहे. परंतु एखाद्या गाजलेल्या ग्रंथाचे अभिवाचन होते ते रसास्वादासाठी. त्या ग्रंथाचे मोल अगोदरच ठरलेले असते. नव्या नाटकाचे वाचन ही परीक्षा होय, आणि ती नटाची नसून लेखनाची असते. हा भेद ध्यानी न आल्यामुळे पुष्कळ श्रोते वाचनाहून परतताना 'अमक्याचा आवाज चांगला होता' एवढेच बोलतात, व बिचारा लेखक कोपऱ्यात उभा असतो.

वर उल्लेखिलेल्या पालकांस पटेल असा दाखला त्यांच्याच धंद्यातला आहे. पूर्वी कित्येक बाजारांत रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून मालाचा भाव ठरविण्याची चाल होती. ज्याचा माल तो शेतकरी हातभर अंतरावर उभा असे, परंतु काय बोलणे झाले हे त्यास कळत नसे. पुढे उघड लिलाव आला. ढिगाभोवती चार माणसे उभी राहू लागली आणि आकडा मोठ्याने उच्चारला जाऊ लागला. नवख्या नाटककाराचा व्यवहार अद्याप बहुधा रुमालाखालीच चालतो. तो आपली वही एखाद्या निर्मात्याकडे किंवा संस्थेकडे नेऊन देतो. कित्येक महिन्यांनी ती परत येते, किंवा येतही नाही. आणि नाटक का नाकारले, कोठे फसले, कोणते पान चांगले होते, याचा एक शब्दही त्यास ऐकावयास मिळत नाही. जाहीर वाचन म्हणजे नाटकाचा उघड लिलाव. भाव कमी येईल. परंतु तो कानांनी ऐकता तरी येईल.

मराठी रंगभूमीच्या आरंभी अशा वाचनाची गरजच नव्हती. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा सूत्रधार पदे म्हणे व पात्रे त्या अनुरोधाने आपापली भाषणे आयत्या वेळी बोलत. वाचावयास लिहिलेली भाषणे होतीच कोठे? पुढे शिकलेल्या तरुणांनी नाटके लिहून छापण्यास प्रारंभ केला. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक १८६१ चे. अशा नाटकांस लोक 'बुकिश' म्हणू लागले. या शब्दात थोडी थट्टा आहे व थोडे सत्यही आहे: पुस्तकात शोभणारे वाक्य तोंडात शोभतेच असे नाही, हे तेव्हाच ध्यानी येऊ लागले होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात 'शाकुंतल' आणले, ते सातांपैकी पहिल्या चार अंकांचेच. सगळे पूर्ण होईपर्यंत दार लावून न बसता, झाले तेवढे लोकांपुढे ठेवण्याची ही हिंमत आम्हांस फार आवडते.

परंतु आमच्या विषयाचा खरा धडा याहूनही जुना आहे, व तो पुण्यातलाच आहे. जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ साली लिहिले, तेव्हा ते २८ वर्षांचे होते. त्यांचे इंग्रजी शिक्षण पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले, हे आमच्यासारख्या शाळेतील मुलांनी स्मरणात ठेवण्यासारखे आहे. नाटकाचे कथानक साधे आहे. एक गरीब कुणबी व त्याची गरोदर बायको. तिच्या पोटातील मुलाच्या ग्रहांची भीती घालून एक जोशी त्यांस खर्चात लोटतो. एक पाद्री त्यांच्याशी वादसंवाद करतो. आणि शेवटी ती दोघे जोतीराव व सावित्रीबाई यांनी चालविलेल्या रात्रीच्या शाळेत शिकावयास जाण्याचे ठरवितात. विद्या हेच ते तिसरे रत्न. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले, आणि कमिटीने ते स्वीकारले नाही. ते छापून निघाले 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात, १९७९ साली. मध्ये १२४ वर्षे गेली.

या १२४ वर्षांचा हिशेब आम्ही वर्गात पुष्कळदा करतो. जोतीराव १८९० पर्यंत होते. म्हणजे लिहिल्यानंतर ३५ वर्षे नाटककार जिवंत असूनही पुस्तक छापलेले नव्हते. त्या काळात शेकडो नाटके लिहिली गेली, रंगली व विसरली गेली. शेतकऱ्याच्या घरातील बोलणे जसेच्या तसे पकडणारे हे एक नाटक मात्र कागदावरच राहिले. त्याची मांडणी पहा. विदूषक मधूनमधून येऊन पात्रांच्या बोलण्यावर टीका करतो व प्रेक्षकांशी बोलतो; डोळ्यांनी वाचताना हा विदूषक घडोघडी आड येतो असे वाटते. आम्ही एकदा नववीच्या वर्गात त्यातील काही पृष्ठे चार मुलांकडून मोठ्याने वाचविली. जोशी गोड बोलतो आहे, कुणबीण भिते आहे, आणि तिसऱ्याच बाजूने विदूषकाचा आवाज येतो आहे, असे होताच मुले खदखदा हसली व लगेच गप्प झाली. जे आम्हांस दहा वेळा वाचून उमगले नव्हते, ते त्यांस एकदा ऐकून उमगले. कमिटीने ते कागद वाचले असतील. दहा माणसांत बसून ऐकले असते, तर निर्णय निराळा झाला असता की काय, हे सांगता येणार नाही. ज्यांच्याविषयी ते नाटक होते त्यांच्या कानी ते पडले असते, तर एवढा काळ ते दडून राहिले नसते, असे मात्र आम्हांस खात्रीने वाटते. अक्षरओळख नसलेल्यास छापील नाटकाचा उपयोग नाही. वाचलेल्या नाटकाचा आहे.

पुढील शंभर वर्षांकडे आम्ही धावती नजर टाकतो. १९६० साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू प्रभृतींनी मुंबईत 'रंगायन' काढले, आणि नव्या लेखकास घरची माणसे मिळाली. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ चे नाटक याचे उत्तम उदाहरण होय. त्यातील बेणारेबाईंचे शेवटचे दीर्घ स्वगत आज त्या नाटकाचा प्राण समजले जाते. परंतु ते लिहावयास तेंडुलकर प्रथम राजी नव्हते, दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे ते लिहिले गेले. नाटक एका माणसाने लिहिलेले असले तरी त्यातील उणे जागा दुसऱ्या कानास आधी ऐकू येतात, एवढाच याचा अर्थ. महेश एलकुंचवार नागपुरास होते. त्यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ साली 'सत्यकथे'त छापून आली, ती विजयाबाईंच्या दृष्टीस पडली व रंगभूमीवर आली. ही गोष्ट सुखाची खरी. परंतु मासिकात छापून येणे व नेमके योग्य माणसाच्या हाती पडणे, अशा दोन योगांवर ती अवलंबून होती. प्रत्येकाचे योग जुळत नाहीत.

योगावर न विसंबता काही व्यवस्था करावी हा विचार पुण्यात थिएटर अकॅडमीने केला. ही संस्था 'घाशीराम कोतवाल'च्या वादातून २७ मार्च १९७३ रोजी जन्मास आली. सतीश आळेकर यांच्या कल्पनेतून तिने १९८५ ते १९९४ या काळात, फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने, तरुण नाटककारांसाठी एक योजना चालविली. नाटकाच्या प्रयोगास पैसा देणारे पुष्कळ निघतात. नाटक अद्याप वहीत असताना त्याच्यावर वेळ व पैसा खर्च करणारे विरळा. महाविद्यालयांतील मुलांस १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक आहेच, व तेथे नव्या एकांकिका दरसाल होतात. परंतु स्पर्धेत जिंकणे-हरणे असते, आणि हरलेल्या संहितेस सहसा दुसरी संधी मिळत नाही.

परदेशातही हीच अडचण होती व तीवर असेच उपाय निघाले. लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहाने १९५७ पासून रविवारी रात्री, रंगमंच मोकळा असताना, नव्या लेखकांची नाटके देखाव्यांवाचून दाखविण्यास सुरुवात केली. नटांची तालीम पूर्ण, परंतु मागे सजावट नाही. खर्च थोडा, म्हणून धाडस अधिक. अमेरिकेत ओनील थिएटर सेंटर या संस्थेत नवी नाटके हातांत कागद घेऊन श्रोत्यांसमोर वाचण्याचा प्रघात आहे. ऑगस्ट विल्सन या कृष्णवर्णीय नाटककाराची नाटके तेथून अनेकदा नाकारली गेली होती. १९८२ साली त्याचे एक नाटक घेतले गेले, ते तेथे वाचले व घासले गेले, आणि १९८४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. विल्सनने पंधराव्या वर्षीच शाळा सोडली होती व सार्वजनिक ग्रंथालयात बसून तो शिकला. (या वाक्याचा उपयोग कोणत्याही विद्यार्थ्याने घरी करू नये, ग्रंथालयात बसण्याचा भाग प्रथम अमलात आणावा.)

आता वाचन कसे करावे याविषयी. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडाव्या. प्रत्येक वाचकाने आपल्या भूमिकेखाली रेघ ओढावी. 'दार उघडते', 'अंधार होतो' या रंगसूचना वाचण्यास एक स्वतंत्र वाचक नेमावा व तो शांत स्वभावाचा असावा. आमच्या पहिल्या प्रयत्नात सूचनावाचकच इतका रंगात आला की दार उघडण्याचे वाक्य त्याने खलनायकाच्या आवाजात वाचले. तालीम एक किंवा दोन पुरेत. येथे आमचा काही मित्रांशी मतभेद आहे. ते म्हणतात की उत्तम नट घ्यावे व चांगली तयारी करावी. आमचे म्हणणे असे की उत्तम नट लंगड्या वाक्यासही खांद्यावर घेऊन पार नेतो, व लेखकास वाटते की वाक्य आपल्या पायांनी चालले. साधा, स्पष्ट, न अडखळणारा वाचक वाक्याचे खरे वजन दाखवितो.

वाचनानंतरची चर्चा हा कठीण भाग. 'मी असतो तर असे लिहिले असते' हे वाक्य आमच्या मंडळात वर्ज्य आहे. श्रोत्याने तीनच गोष्टी सांगावयाच्या: काय लक्षात राहिले, काय समजले नाही, आणि कोठे कंटाळा आला. तिसरी गोष्ट सांगण्यास धीर लागतो, व ऐकण्यास त्याहून अधिक. लेखकाने वाद न घालता लिहून घ्यावे. वस्तुतः कंटाळा सांगावाही लागत नाही. खुर्च्या करकरू लागतात, खोकला येऊ लागतो, मागच्या रांगेतील धाकटी भावंडे पाणी मागतात. लेखकाने या वेळी वाचकांकडे पाहू नये, श्रोत्यांकडे पहावे.

या पद्धतीवर एक आक्षेप घेतला जातो व तो खोटा नाही. काही नाटकांची वाचनेच होत राहतात. दहा ठिकाणी वाचली जातात, प्रत्येक ठिकाणी सूचना मिळतात, लेखक प्रत्येक सूचना मान्य करतो, आणि अखेरीस नाटकात त्याचे स्वतःचे काही उरत नाही व प्रयोग तर होतच नाही. वाचन हा उंबरठा आहे. उंबरठ्यावर संसार मांडू नये. दोन वाचने झाली की नाटकाने उभे राहिले पाहिजे.

असो. ज्या वाचनाविषयी पालकांनी विचारले होते त्याकडे येतो. आमच्या शाळेत मार्केट यार्डातील हमालांची, तोलणारांची व आडत्यांची मुले एका बाकावर बसतात. एकांकिका लिहिणारा मुलगा हमालाचा. त्याचे नाव येथे देत नाही, त्यास ते आवडणार नाही. त्याचा विषय होता पट्टी. पट्टी म्हणजे माल विकल्यावर आडत्या शेतकऱ्यास देतो तो हिशेबाचा कागद. एक शेतकरी टोमॅटो घेऊन रात्री यार्डात येतो, क्रेटच्या आडोशास पहाटेपर्यंत बसतो, लिलाव होतो, आणि पट्टी हातात येते. मोटारभाडे, हमाली, तोलाई व आडत वजा जाता जे उरते त्यातून परतीचे एस.टी.चे तिकीटही येत नाही. ही पट्टी वाचून शेतकरी दीड पृष्ठ बोलतो: पाऊस, सरकार, शहर, देव, सर्वांस जाब विचारतो. वही तपासताना या भाषणाच्या समासात आम्ही तांबड्या शाईने 'उत्तम' असे लिहिले होते. हे येथे कबूल करणे आम्हांस प्राप्त आहे.

वाचन एका शनिवारी दुपारी झाले; कारण शनिवारी यार्डातील फळे-भाजीपाल्याची आवक बंद असते व पालकांस येता येते. आडत्याची भूमिका आडत्याच्याच मुलीने वाचली. ती मधेच थांबली व म्हणाली, "सर, यात आडत कापली आहे. २०१६ पासून भाजीची आडत शेतकऱ्याकडून घेत नाहीत, खरेदीदाराकडून घेतात." मागे बसलेले तिचे वडील, म्हणजे रस्त्यात आम्हांस थांबविणारे तेच गृहस्थ, मान हलवीत होते. मुलाचा चेहरा उतरला. सर्व हिशेब त्या कापलेल्या आडतीवर उभा होता. नंतर चर्चेत ती मुलगी आणखी म्हणाली, की हा आडत्या केवळ हसतो आणि नोटा मोजतो. तिचे बाबाही रात्रभर जागे असतात, आणि याच शेतकऱ्याने मार्चमध्ये उचल नेलेली असते, तीही बुडू शकते. तेव्हा आडत्यास भिती का वाटत नाही?

आणि ते दीड पृष्ठ. पहिल्या पाच वाक्यांपर्यंत सभा शांत होती. सातव्या-आठव्या वाक्यास खुर्च्या करकरू लागल्या. आमच्या 'उत्तम' शेऱ्याचा निकाल खुर्च्यांनी लावला. मुलाचे वडील अगदी शेवटच्या रांगेत, कामावरचाच सदरा घालून, दाराशी बसले होते. आम्ही त्यांस आपले मत विचारले तेव्हा ते प्रथम नको म्हणाले. मग उभे राहून म्हणाले, "सर, पोरानं लिवलंय ते खरं हाय. पन पहाटं तीनला एवढं कोन बोलतं? तो पट्टी बघतो. घडी घालतो. आतल्या खिशात ठिवतो. आन् मग च्या कुठं मिळंल इचारतो. म्या लई जनांना दावलीया टपरी."

सभा काही वेळ निःशब्द होती. मुलगा वहीत काही लिहीत नव्हता. खाली पहात होता. पुढचे दोन आठवडे तो मंडळात आला नाही, आणि आम्हांस वाटले की एक लेखक आम्ही आमच्या हाताने घालविला. त्याच्या घरी जाण्याचे आम्ही ठरविलेही होते. तिसऱ्या आठवड्यात तो नवी वही घेऊन आला. हिशेबातील आडत गेली होती. तिच्या जागी भाव आणखी पडलेला होता, व हिशेब पूर्वीहूनही वाईट झाला होता. आडत्या नोटा मोजत नव्हता. उचलीची वही उघडून तो शेतकऱ्याचे नाव शोधीत होता, आणि ते सापडल्यावर काही न बोलता वही मिटीत होता. दीड पृष्ठ खोडलेले होते. त्या जागी शेतकऱ्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, चहाच्या टपरीचा. आणि हमालाची एक रंगसूचना, हाताने दिशा दाखविण्याची.

दुसरे वाचन वार्षिक परीक्षेपूर्वीच्या शनिवारी झाले. सूचनावाचकाने 'तो पट्टीची घडी घालतो' हे वाक्य वाचले, तेव्हा एकही खुर्ची वाजली नाही. वाचन संपल्यावर मुलाचे वडील स्वतः होऊन पुढे आले व पोराच्या कानाशी वाकून काही बोलले. मुलाने खिशातून पेन्सिल काढली आणि 'घडी घालतो' याच्या आधी दोन शब्द लिहिले. आम्ही वाकून पाहिले: 'बारीक करून.'